पुढच्या बटणाचं काम

१

बाजारात यायला अजून चार महिने अवकाश असलेली मोटार सोमवारी दुपारी अख्ख्या देशानं फोनवर पाहून घेतली. मानेसरच्या कारखान्यात जी गाडी काळ्या कापडाखालून फक्त निवडक लोकांपुढे निघायची, तिचं नाक, दिवे, छत, सगळं एका मोटारवेड्यांच्या वेबसाइटवर झळकलं. आणि त्या फोटोच्या पोटात, जिथे कॅमेरा आपणहून फोटोग्राफरचं नाव लिहून ठेवतो तिथे, नाव होतं अक्षया शेवडे.

मंगळवारी सकाळी अक्षया कंपनीच्या बसनं कामावर गेली आणि साडेअकराला टॅक्सीनं दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी परत आली. दार उघडणाऱ्या कुमुद रिसबूड या तिच्या मावशी. मंत्रालयाच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. हरवलेली फाईल शोधायची तर मोठमोठे साहेब आधी कुमुदताईंच्या टेबलापाशी यायचे आणि मगच देवाकडे वळायचे. भाचीचा चेहरा पाहून ही फाईल जड आहे हे त्यांना उंबऱ्यातच कळलं.

"काढून टाकलं?"

"अजून नाही. शुक्रवारी अकरापर्यंत लेखी खुलासा द्यायचाय. तोवर गेटच्या आत पाय ठेवायचा नाही." अक्षया सोफ्यावर कोसळली. "मावशी, पुढच्या महिन्यात मला पर्मनंट करणार होते. आता या लाइनमध्ये कोणी उभंसुद्धा नाही करणार यार. गाड्यांचे फोटो चोरून विकणारी फोटोग्राफर कोणाला हवी असते?"

"तू काढलास का तो?"

"नाही!"

"झालं तर. आता पोटभर रडून घे, मग बोलू."

अक्षया खरंच रडली. कुमुदताईंनी तेवढ्यात चहा टाकला. रडणाऱ्या माणसाकडून माहिती घ्यायची नसते, ती अर्धीच मिळते, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

माहिती अशी निघाली. शनिवारी सकाळी अक्षयानं कारखान्याच्या स्टुडिओत त्या गाडीचे फोटो काढले, आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्यानं. एक वाजता काम संपलं. फोटोंचं कार्ड तिथेच जमा केलं, गाडी ट्रेलरवर चढवली गेली आणि ताडपत्री बांधून दुपारीच दुसऱ्या शेडकडे रवाना झाली. पण कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात. दुसरं कार्ड तू मोज्यात घालून बाहेर नेलंस, असं सिक्युरिटीच्या दहियासाहेबांचं म्हणणं.

"आणि हा फोटो तरी बघ!" अक्षयानं फोन पुढे केला. "मी असा वाकडातिकडा काढेन? काचेवर धूळ आहे, धूळ! स्टुडिओत आम्ही गाडी तीनदा पुसतो. तर दहियासाहेब म्हणाले, 'धूल-वूल हम नहीं जानते, नाम तो तुम्हारा है।' वेबसाइटनं बाकी सगळी माहिती पुसलीये, तारीखसुद्धा. नाव तेवढं ठेवलंय."

कुमुदताईंनी चष्मा वर करून फोटो पाहिला. काचेवर खरंच धुळीचा थर होता. मागे सगळं मातकट, पुसटलेलं.

"दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यात तुझं नाव कसं गेलं असेल?"

"जाऊच शकत नाही. ते मी माझ्या हातानं, माझ्याच कॅमेऱ्यात टाइप केलंय. वर्षापूर्वी."

हे उत्तर चुकीचं होतं. पण ते देणारी मनापासून देत होती आणि ऐकणारीला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

२

कुमुदताईंनी चौकशी नेहमीच्या पद्धतीनं सुरू केली, म्हणजे ज्याच्यावर संशय नाही अशा माणसापासून. श्रीपादराव हर्डीकर त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहत. निवृत्त उपसचिव, विधुर, वय अडुसष्ट आणि पक्ष्यांचं वेड. दर रविवारी पाणथळ जागी जाऊन पक्षी टिपणारी चार मराठी डोकी होती, त्यातलं हे सर्वांत पांढरं. उरलेली तीन म्हणजे अक्षया, गुरुग्रामच्या आयटी कंपनीतला अनुराग आणि राजभाषा विभागात अनुवादक असलेली हेमांगी.

"चौघांचे कॅमेरे एकच, कुमुदबाई," श्रीपादराव म्हणाले. "अनुरागनं पत्ता लावला होता की चार एकदम घेतले तर बॅगा फुकट मिळतात. मग काय, बिल्कुल लग्नाच्या साड्यांसारखी खरेदी झाली."

"आणि त्या कॅमेऱ्यात नाव कसं घालतात?"

"ते मला विचारू नका. मेन्यूत मी बोट घालत नाही. त्यात इतके दरवाजे आहेत की आत गेलेला माणूस पेन्शनीलासुद्धा परत यायचा नाही." ते हसले आणि लगेच तक्रारीवर आले. "आता परवा शनिवारचीच गोष्ट घ्या. हायवेच्या कडेच्या डबक्यावर गेलो होतो. एवढी आंधी, तरी खांबावर शिक्रा बसलेला, अगदी माझ्याकडे बघत. हा कॅमेरा म्हणे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो, त्यावर चौकट धरतो. मी बटण दाबलं तर चौकट शिक्रा सोडून भलतीकडेच पळाली! शिक्रा काय थांबतोय? गेला उडून."

पक्ष्यांच्या गोष्टी कुमुदताईंनी अर्ध्या कानानं ऐकल्या. श्रीपादराव मेन्यूत बोट घालत नाहीत म्हणजे ते यातून बाद, असं त्यांनी मनातल्या मनात लिहिलं आणि खाली सहीही केली. पुढे या सहीची त्यांना लाज वाटायची होती.

निघताना श्रीपादराव सहज म्हणाले, "अक्षयाला म्हणावं घाबरू नकोस. पण एक आहे. तो फोटो आमच्या ग्रुपवर सर्वांत आधी अनुरागनंच टाकला होता."

३

अनुराग संध्याकाळी भेटायला आला. तिशीतला, पुण्याचा. गाड्यांचा विषय निघाला की त्याची तहानभूक हरपत असे. कुमुदताईंनी त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि सरळ विचारलं.

"तुला तो फोटो इतक्या लवकर कसा मिळाला रे?"

"काकू, ती वेबसाइट मी दिवसातून दहादा उघडतो! आत नाव कोणाचं आहे हे बघायला मी काय सीबीआयवाला आहे? गाडी मस्त होती म्हणून टाकला." त्याचे कान लाल झाले होते. "नंतर कळलं तेव्हा इतकं वाईट वाटलं."

"शनिवारी कुठे होतास?"

"घरी. पण काकू, माझ्या कॅमेऱ्यात अक्षयाचं नाव कसं येईल? माझ्यात तर तिची सेटिंग्जसुद्धा शिरली नाहीत."

कुमुदताईंचा पोहे वाढायचा हात थांबला. "शिरली नाहीत म्हणजे?"

अनुराग मग उत्साहानं सांगत सुटला. कॅमेऱ्याच्या आत जो प्रोग्राम चालतो, त्याची सुधारलेली आवृत्ती कंपनी अधूनमधून फुकट देते. आपण ती कार्डावर उतरवायची आणि कॅमेऱ्यात घालायची. मार्चमध्ये दोन नंबरची आवृत्ती आली आणि कॅमेरा जणू नवा झाला. मेन्यू आपल्याला हवा तसा मांडता येतो. कुठल्याही बटणाला कुठलंही काम देता येतं. पूर्वी पक्षी किंवा वाहन निवडायला मेन्यूत सात पायऱ्या उतराव्या लागत, आता ते एका बटणावर ठेवता येतं.

"अक्षयानं आपली मांडणी इतकी भारी केली होती की आम्ही सगळे तिच्या मागे लागलो. सगळी मांडणी एका फाईलमध्ये सेव्ह होते, काकू. ती तिनं कार्डावर दिली, मला आणि हेमांगीताईला. हेमांगीताईच्या कॅमेऱ्यानं घेतली. माझ्यानं नाही घेतली, कारण दोन्हीकडे एकच आवृत्ती लागते आणि मी अजून जुन्यावरच आहे. अपडेट करताना बॅटरी गेली तर कॅमेरा कायमचा बंद पडतो म्हणतात. हिंमतच होत नाही." त्यानं बॅगेतून कॅमेरा काढून दाखवला. पडद्यावर खरंच जुनाच आकडा होता.

कुमुदताई त्या आकड्याकडे पाहत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांपुढे वेगळंच आलं होतं. ऑफिसात नवं पत्र कोणीच कोऱ्या कागदावर लिहीत नसे. जुनं पत्र काढायचं, नक्कल करायची, मजकूर बदलायचा. एकदा अशाच नकलेत खालचं नाव बदलायचं राहिलं, आणि दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावानं तीन मंत्रालयांत पत्र पोहोचलं. त्या गरीब माणसाला गुवाहाटीहून खुलासा द्यावा लागला होता. तो त्यांनी स्वतः फाईलला लावला होता.

"अनुराग," त्या हळूच म्हणाल्या, "त्या मांडणीबरोबर नावपण जातं का रे?"

अनुराग कॅमेरा उचलून मेन्यू चाळायला लागला. त्याला माहीत नव्हतं.

४

हेमांगी बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत भेटली, कृषी भवनाजवळच्या बाकावर. अक्षयाही सोबत होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. हेमांगी चाळिशीची, बोलायला चटपटीत, पण आज तिचा आवाज जरा बसला होता. तिचा नवरा मानेसरलाच दुसऱ्या मोटार कंपनीत होता, आणि ही गोष्ट कोणी ना कोणी काढणार हे तिला ठाऊक होतं.

"काकू, सरळच सांगते. लोक म्हणतील, नवऱ्याच्या कंपनीसाठी हिनंच केलं. पण आम्ही शुक्रवार ते सोमवार नागपूरला होतो, नणंदेच्या बारशाला."

"नणंदेच्या?" अक्षया इतक्या दुःखातही हसली.

"नणंदेच्या मुलीच्या गं! माझं डोकं ठिकाणावर नाहीये."

"त्या बारशाचे फोटो आहेत?" कुमुदताईंनी विचारलं. "कॅमेऱ्यातले?"

हेमांगीनं पर्समधून कार्ड काढलं. अक्षयानं ते लॅपटॉपला लावलं आणि पहिलाच फोटो उघडला. पाळणा, कुंच्यातलं बाळ, बाजूला पाच बायका. मग तिनं फोटोच्या पोटातली माहिती उघडली. तारीख शनिवारची. लेन्स छोटीच, घरगुती. छायाचित्रकार अक्षया शेवडे.

अक्षयानं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

"मी?" अक्षया म्हणाली. "मी नागपूरला बारशाला?"

हेमांगीनं पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा. सगळीकडे अक्षया शेवडे. मार्चपासूनची कार्डं तपासली असती तर हेमांगीच्या घरचा गुढीपाडवा, मुलाचं गॅदरिंग, सासूबाईंचा वाढदिवस, सगळं अक्षयाच्याच नावावर निघालं असतं. नाव बघायला आत कोण जातं? घरचे फोटो आपणच काढलेत हे आपल्याला ठाऊक असतं.

अक्षयाच्या घशातून हुंदका आणि हसू एकदमच निघालं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. नाव तिचं असलं तरी हात तिचा असेलच असं नाही, हे आता कोणालाही दाखवता येणार होतं. कुमुदताईंनाही बरं वाटलं, पण अर्धंच. दहियासाहेब विचारणार, मग हात कोणाचा? अनुरागच्या कॅमेऱ्यात मांडणी शिरली नाही. हेमांगीचा कॅमेरा नागपुरात होता. तिसऱ्या कोणाला ती दिल्याचं अक्षयाच्या आठवणीत नव्हतं.

रेकॉर्ड सेक्शनमध्ये अशा वेळी कुमुदताई एकच प्रश्न विचारत. मूळ कागद कोणाला दिला हे सगळेच सांगतात. नकलेवरून नक्कल कोणी घेतली हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

"हेमांगी, अक्षयाचं कार्ड तुझ्याकडे असताना तू ते आणखी कोणाच्या कॅमेऱ्यात घातलंस का?"

हेमांगीनं कपाळाला हात लावला.

"अगं बाई! श्रीपादकाकांच्या."

५

"म्हणजे त्यांना न सांगताच?" अक्षयानं विचारलं.

"सांगून काय उपयोग होता? ते म्हणाले, 'हेमांगी, माझ्या कॅमेऱ्याचं तूच काय ते बघ.' मी नवी आवृत्ती घातली, तुझी मांडणी चढवली आणि सांगितलं, काका, पुढचं बटण दाबलं की तो शोधेल. त्यांना तेवढंच पुरे होतं."

कुमुदताई एकदम उठून उभ्या राहिल्या. "अक्षया, तुझ्या मांडणीत पुढच्या बटणाला काम काय दिलंयस तू?"

"वाहन ओळखायचं. मी गाड्यांचेच फोटो काढते ना. बटण दाबलं की चौकट सरळ गाडीवर."

"आणि समोर खांबावर शिक्रा असला, आणि मागच्या रस्त्यानं गाडी चालली असली, तर?"

"तर शिक्रा सोडून..." अक्षया बोलता बोलता थांबली.

हेमांगीनं फोनवरच अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुमुदताईंनी मेट्रोकडे चालता चालता सगळं उलगडून सांगितलं. शनिवारी दुपारी ट्रेलर निघाला, ताडपत्री बांधून. त्याच दुपारी आंधी आली. हायवेच्या कडेला श्रीपादराव शिक्र्यावर लांब पल्ल्याची लेन्स रोखून उभे. वाऱ्यानं ताडपत्री उडाली आणि गाडी उघडी पडली, म्हणून काचेवर धूळ, म्हणून मागे मातकट. श्रीपादरावांनी बटण दाबलं. कॅमेऱ्यानं त्यांचं ऐकलं नाही, अक्षयाचं ऐकलं, आणि पक्षी सोडून गाडी टिपली. वर इमानदारीनं तिचं नावही लिहिलं.

"ते मला सगळं सांगत होते गं," कुमुदताई म्हणाल्या. "चौकट पळाली, चौकट पळाली. आणि मी त्यांना बाद करून मोकळी झाले होते. मेन्यूत बोट घालत नाहीत म्हणून! त्यांच्या वतीनं दुसऱ्या कोणी घातलं असेल हे माझ्यासारख्या बाईला सुचू नये?"

श्रीपादराव घरीच होते. त्यांनी सगळं ऐकलं, निमूटपणे कपाटातून कॅमेरा आणला आणि अक्षयाच्या हातात दिला. शनिवारचे फोटो पाहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रिकामा खांब, धूळ, आणि मग ओळीनं सहा फोटो. ट्रेलरवरची मोटार, एका कोपऱ्यात फडफडणारी ताडपत्री, मागे हायवेचा निळा फलक. वेबसाइटवरचा फोटो यातल्याच तिसऱ्याचा कापून घेतलेला तुकडा होता. वेळ चार वाजून बारा मिनिटं.

"मी ते मिटवणारच होतो," श्रीपादराव म्हणाले. "मग वाटलं राघवला विचारू, ही कुठली नवीन गाडी. पुतण्या माझा, पुण्याला असतो, त्याला गाड्यांतलं कळतं. मेलवर एक पाठवला. त्यानं पुढे..." त्यांचा आवाज चिरकला. "ग्रुपवर अनुरागनं फोटो टाकला एवढं कळलं, पण तो उघडून मी पाहिलाच नाही, मला फक्त पक्षी दिसतात. घाबरू नकोस म्हणून निरोप धाडला, पण तो फोटो कुठल्या गाडीचा ते कधी विचारलंच नाही. अक्षया, पोरी, तुझी नोकरी माझ्या हातानं जात होती आणि मी शिक्र्यासाठी रडत होतो."

त्यांचे डोळे भरले. अक्षयाला त्यांचा राग यायला हवा होता. पण तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं त्यांना मिठीच मारली, आणि मग कुमुदताईंना, आणि हेमांगी मध्ये सापडली म्हणून तिलाही.

"काका, शुक्रवारी माझ्याबरोबर मानेसरला याल?"

"शुक्रवारी कशाला? उद्याच चलतो. कपाटात बंद गळ्याचा कोट आहे, उपसचिवाचा. अजून बसतो मला."

६

कोट बसत होता, फक्त वरची दोन बटणं सोडून.

गुरुवारी दहा वाजता तिघं कारखान्याच्या गेटवर उतरली. पुरावा आणलाय म्हटल्यावर दहियासाहेबांनी दोघांना सोडायला सांगितलं, आणि अक्षया आणि श्रीपादराव आत गेले. कुमुदताईंचा पास नव्हता, म्हणून त्या गेटजवळच्या खोलीत बाकावर बसल्या. पंखा गरम हवा फिरवत होता. एक तास झाला. सव्वा तास झाला. पुरावा पक्का आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण पुरावा पक्का असूनही माणसं कशी अडकून पडतात हे त्यांनी छत्तीस वर्षं पाहिलं होतं. कंपनीनं म्हटलं की मांडणी वाटलीच का, म्हणून काढून टाकतो, तर? आपण पोरीला उगाच आशा लावली की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

साडेअकराला आतून श्रीपादराव एकटेच आले. कोट हातात, चेहरा घामानं भिजलेला. कुमुदताई बाकावरून उठल्या.

"अक्षया कुठेय?"

"आत."

"आत म्हणजे? काय म्हणाले ते?"

"दहियासाहेबांनी सहाही फोटो पाहिले. मग ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला, आणि त्याला जे काय बोलले ते मी तुमच्यापुढे बोलू शकत नाही." श्रीपादराव बाकावर टेकले. "तेवढ्यात त्यांचे वरचे साहेब आले. म्हणाले, धुळीतला वाकडा फोटो जगानं पाहिलाय, आता चार महिने कसले थांबता? आजच संध्याकाळी चांगले फोटो बाहेर काढू. कोणाकडे आहेत? तर सगळे अक्षयाकडे बघायला लागले. शनिवारचे तिचेच होते ना! पण तिला ते पुरेसे वाटेनात. म्हणाली, गाडी परत आणा, दोन अँगल राहिलेत. साहेब म्हणाले, मँगवाओ. आणि दहियासाहेब, ज्यांनी तिला गेटबाहेर काढलं, तेच 'बेटी, गाड़ी कहाँ लगवाऊँ' म्हणत पुढे धावले."

"आणि पर्मनंटचं?"

"साहेब म्हणाले, कागद सोमवारी मिळेल. मी स्वतः ऐकलं. आणि तिनं तुम्हाला सांगायला सांगितलंय, मावशी, वाट बघू नकोस, मला आज उशीर होणार."

मंगळवारपासून कुमुदताई शांत होत्या, चहा करत होत्या, प्रश्न विचारत होत्या, लेकीसारख्या पोरीला धीर देत होत्या. आता धीर द्यायचं काम संपलं आणि त्यांना रडू कोसळलं, अगदी लहान मुलासारखं, पदरात तोंड खुपसून. श्रीपादराव घाबरून उभे राहिले.

गेटवरचा शिपाई धावत पाण्याचा ग्लास घेऊन आला. "माताजी, क्या हुआ? तबीयत ठीक नहीं है?"

"बिल्कुल ठीक है भैया," कुमुदताई डोळे पुसत म्हणाल्या. "ये बताओ, यहाँ खाना कहाँ अच्छा मिलता है? मंगलवार से कुछ ढंग से खाया नहीं मैंने।"